मुक्या जिवांचे हृदय आणि आपल्या घरातील औषधांची डबी

(पशुआरोग्य शिबिरात ग्रामस्थ व शिक्षक यांच्यासमोर प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



अशा शिबिरात बोलावयाचे विषय बहुधा ठरलेले असतात. गाईचे दूध, वासरांची निगा, लाळ-खुरकताची लस, कुत्र्यांना टोचावयाची रेबीजची लस. आजचा विषय त्या यादीत बसणारा नाही. कुत्र्याला आणि मांजराला रक्तदाबाचा विकार जडतो, त्यांचे हृदय दुर्बळ होते आणि त्यावर औषधे उपलब्ध आहेत, असे म्हटले की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर हसू उमटते. ‘माणसांना औषध पुरेना, आता मांजरालाही ब्लडप्रेशर!’ असे उद्गार मी स्वतः ऐकले आहेत. हसणाऱ्यांना मी दोष देत नाही. परंतु रोग आपण हसलो म्हणून थांबत नाही.

मी पशुवैद्य नव्हे. कलाशाखेचा पदवीधर असून, जाणकारांचे म्हणणे सर्वसामान्यांच्या भाषेत लोकांपुढे मांडणे एवढेच माझे काम. निदान आणि औषधाची मात्रा यांविषयी अंतिम शब्द येथे बसलेल्या डॉक्टरांचाच राहील.

प्रथम एक जुनी हकीकत सांगतो. जगात रक्तदाब पहिल्यांदा मोजला गेला तो माणसाचा नव्हे, जनावराचा. इंग्लंडमधील स्टीफन हेल्स नावाच्या धर्मोपदेशकाने एका घोडीच्या धमनीत नळी बसवून तिला उंच काचेची नळी जोडली, तेव्हा त्या नळीत रक्त आठ फुटांहून अधिक वर चढले. हा वृत्तान्त त्याने १७३३ साली प्रसिद्ध केला. माणसाच्या दंडाला पट्टा बांधून दाब मोजण्याचे रिव्हा-रोत्ची यांचे साधन आले ते १८९६ साली, म्हणजे दीडशे वर्षांहून अधिक काळानंतर. मुक्या जिवांच्या रक्तदाबाचे ज्याला नवल वाटते त्याने हा क्रम ध्यानात घ्यावा.

आता कुत्र्याकडे वळू. ‘हार्ट फेल’ हे शब्द आपल्याकडे मृत्यूच्या अर्थाने रूढ झाले आहेत. वैद्यकात त्यांचा अर्थ निराळा आहे. हृदय चालू असते, परंतु शरीराला लागणारे रक्त पुरविताना ते थकते आणि मागे पाणी साचू लागते. यालाच मी हृदयदौर्बल्य म्हणेन.

हे कसे घडते ते समजण्यासाठी आपल्या खाजन शेतीतील मानस डोळ्यांसमोर आणा. ओहोटी लागली की मानशीची दारे आपोआप उघडतात आणि शेतातले पाणी नदीत उतरते. भरती आली की पाण्याच्या दाबानेच ती मिटतात आणि खारे पाणी आत शिरू शकत नाही. दार कुजले, वाकले, नीट मिटेनासे झाले, की थोडेथोडे खारे पाणी दर भरतीला शेतात येते. पहिल्या वर्षी कोणाच्या लक्षातही येत नाही. पुढे शेत पिकेनासे होते. हृदयाच्या डाव्या बाजूस दोन कप्प्यांमध्ये अशीच एक झडप आहे. तिला मायट्रल झडप म्हणतात. लहान चणीच्या कुत्र्यांत, म्हणजे आपल्याकडे घरोघरी दिसणारा पॉमेरेनियन किंवा डॅशहुंड यांसारख्या कुत्र्यांत, उतारवयात ही झडप जाड व वेडीवाकडी होते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर थोडे रक्त उलटे फिरते. मागचा कप्पा ताणला जातो, फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांत दाब वाढतो आणि अखेर फुप्फुसांत पाणी उतरते. डॉबरमन, ग्रेट डेन यांसारख्या मोठ्या कुत्र्यांत झडपेऐवजी हृदयाचा स्नायूच सैल पडून हृदय फुगते, असेही घडते. गावठी कुत्रीही यातून सुटलेली नाहीत.

लक्षणे तुमच्या परिचयाची आहेत, फक्त त्यांचा अर्थ आपण निराळा लावतो. कुत्रा रात्री खोकतो. आपण म्हणतो, त्याला दमा लागला. जिना चढताना थांबतो. आपण म्हणतो, म्हातारा झाला. पोट फुगते, आपण म्हणतो, जंत झाले. कधी धावता धावता कोसळतो आणि क्षणभराने उठतो. आपण म्हणतो, उन्हाने घेरी आली. यांतील एखादे कारण खरेही असू शकेल. ते ठरवावयाचे कोणी, एवढाच प्रश्न आहे.

येथे निसर्गाची एक चमत्कारिक गफलत सांगण्यासारखी आहे. दुर्बळ हृदयाकडून मूत्रपिंडाला कमी रक्त पोहोचते. त्यावरून मूत्रपिंडाची समजूत होते की शरीराला जखम झाली असून रक्त सांडत आहे. मग ते मीठ व पाणी राखून ठेवण्याचा आदेश देते आणि रक्तवाहिन्या आवळल्या जातात. जखमी जनावराला जगविणारी ही युक्ती हृदयरोग्याला मात्र बुडवते. आधीच पाणी साचलेले, त्यात आणखी भर. आणि आवळलेल्या वाहिन्यांतून रक्त ढकलण्याचे ओझे पुन्हा त्याच थकलेल्या हृदयावर.

औषधांचे काम या साखळीच्या निरनिराळ्या कड्या तोडण्याचे. फ्युरोसेमाइड साचलेले पाणी लघवीवाटे काढते. धापणाऱ्या कुत्र्याला प्रथम आराम पडतो तो बहुतेक याच औषधाने. ते सुरू असताना कुत्रा पाणी पुष्कळ पितो आणि वारंवार लघवी करतो. काही घरांत अशा वेळी पाण्याचे भांडे उचलून ठेवतात. तसे कदापि करू नये; पाणी सतत समोर असावे.

एनालाप्रिल आणि बेनाझेप्रिल ही औषधे मूत्रपिंडाच्या त्या चुकीच्या आदेशाला खीळ घालतात. यांच्या जन्माची कथा ऐकण्यासारखी आहे. ब्राझीलमध्ये जाराराका नावाचा विषारी साप आहे. आपल्या रानातील चापडा सापाचा तो दूरचा नातलग. तो चावला की माणसाचा रक्तदाब कोसळतो. ब्राझीलचे शास्त्रज्ञ सेर्जिओ फेरेरा यांनी १९६० नंतरच्या दशकात त्या विषातील कारक द्रव्याचा शोध घेतला, पुढे ते लंडनला जॉन व्हेन यांच्या प्रयोगशाळेत गेले, आणि त्या संशोधनाच्या धाग्यावरून अमेरिकेत कॅप्टोप्रिल हे औषध तयार झाले. तेथे त्याला १९८१ साली मान्यता मिळाली. एनालाप्रिल हे त्याचेच धाकटे भावंड. सापाच्या विषातून निघालेली ही वाट शेवटी आपल्या ओसरीवर निजलेल्या कुत्र्यापर्यंत येऊन पोहोचली, याचे मला अजूनही कौतुक वाटते.

डिजिटॅलिसच्या वनस्पतीचा हृदयविकारावरील उपयोग विल्यम विदरिंग यांनी १७८५ साली ग्रंथरूपाने मांडला. त्या कुळातील डिगॉक्सिन आज कुत्र्यांत निवडक प्रसंगीच देतात, कारण त्याची गुणकारी मात्रा आणि घातक मात्रा यांत अंतर फार थोडे आहे. कुत्र्याने अन्न टाकले किंवा त्याला उलट्या होऊ लागल्या तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे लागते.

गेल्या काही दशकांतील महत्त्वाचे औषध म्हणजे पिमोबेंडान. ते हृदयाच्या स्नायूला बळ देते आणि रक्तवाहिन्या सैल करते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ३६० कुत्र्यांची पाहणी झाली. झडप गळू लागून हृदय मोठे झाले आहे, परंतु बाहेरून लक्षण एकही नाही, अशी ती कुत्री होती. ज्यांना हे औषध दिले त्यांच्यात हृदयदौर्बल्य सरासरी सुमारे पंधरा महिने उशिरा आले. कुत्र्याच्या आयुष्यात पंधरा महिने म्हणजे किती, याचा हिशेब ज्याने कुत्रा पाळला आहे त्याने करावा. हे औषध उपाशीपोटी, जेवणापूर्वी सुमारे तासभर द्यावयाचे असते. ते स्वस्त नाही आणि प्रत्येक गावच्या दुकानात मिळेलच असेही नाही. याउलट फ्युरोसेमाइड, एनालाप्रिल ही माणसांचीही औषधे असल्याने जनऔषधी केंद्रांतून अल्प किमतीत मिळू शकतात. अर्थात पशुवैद्यांची चिठ्ठी हातात असावी.

या अभ्यासातून आपल्यापुरती एक साधी गोष्ट निघते. लक्षणे दिसण्यापूर्वीच झडपेचा बिघाड ऐकू येतो. रेबीजच्या लसीसाठी कुत्रा वर्षातून एकदा डॉक्टरांपुढे येतोच. त्या वेळी ‘डॉक्टर, जरा छातीला नळी लावून पाहा’ एवढे म्हणावे. त्याला वेगळा खर्च नाही, वेगळी खेप नाही.

नदीपलीकडच्या गावातील एका निवृत्त गृहस्थांची गोष्ट मला एका डॉक्टरांनी सांगितली. मुले परदेशी, पत्नी निवर्तलेली, घरात सोबतीला अकरा वर्षांचा एक पॉमेरेनियन. कुत्र्याला धाप लागली, औषधे सुरू झाली आणि आठवड्याभरात तो पूर्वीसारखा फाटकापर्यंत धावू लागला. गृहस्थांना वाटले, बरा झाला. त्यांनी गोळ्या बंद केल्या. त्यात कंजूषपणा नव्हता. ‘बऱ्या जिवाला उगीच औषध कशाला’ ही आपल्या सर्वांचीच समजूत. बाराव्या रात्री कुत्र्याला आडवे होता येईना. मान लांब करून, कोपरे फाकवून तो उभाच राहिला. पहाटेची पहिली फेरीबोट सुटेपर्यंत ते त्याला मांडीवर घेऊन धक्क्यावर बसून होते. सुदैवाने इंजेक्शन व प्राणवायू वेळेवर मिळाला आणि त्यानंतर तो कुत्रा आणखी आठ महिने त्यांच्या घरी राहिला. त्या आठ महिन्यांत गोळी एकदाही चुकली नाही, असे डॉक्टर म्हणाले.

ही औषधे रोग समूळ घालवीत नाहीत. कुजलेले दार ती नवे करून देत नाहीत. आत आलेले पाणी उपसत राहतात. म्हणून ती थांबली की पाणी पुन्हा चढते. कुत्रा खेळू लागला याचा अर्थ औषध लागू पडले इतकाच. मात्रा कमी करावयाची, वाढवावयाची की बदलावयाची, हे रक्ताची व मूत्रपिंडाची तपासणी करून डॉक्टर ठरवितात. औषध सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांनी ही तपासणी करून घेणे फार अगत्याचे आहे.

आता मांजर. मांजराचा प्रकार सर्वस्वी निराळा आणि मला विचाराल तर अधिक फसवा. हृदय दुर्बळ झालेले मांजर सहसा खोकत नाही. ते कपाटामागे, माळ्यावर, लाकडांच्या राशीत जाऊन बसते. तोंड उघडे टाकून श्वास घेऊ लागले तर ती आणीबाणी समजावी. कित्येकदा हृदयात रक्ताची गाठ धरते आणि ती वाहत जाऊन मागच्या पायांकडे जाणारी धमनी बंद करते. मांजर एकाएकी ओरडू लागते, मागचे पाय लुळे व थंड पडतात. कोणीतरी काठी मारली असावी असा तर्क होऊन शेजाऱ्यापाजाऱ्यांत भांडणे होतात. गाठ होऊ नये म्हणून धोक्यातील मांजरांना क्लोपिडोग्रेल देतात. ही गोळी कडू असते आणि मांजर तोंडाला फेस आणते, त्याने घाबरून जाऊ नये.

रक्तदाब वाढण्याचा विकार मात्र कुत्र्यापेक्षा म्हाताऱ्या मांजरात अधिक आढळतो आणि त्याच्या मागे बहुधा मूत्रपिंडाचा किंवा गळ्यातील थायरॉइड ग्रंथीचा रोग असतो. काळजी, चिडचिड, कचेरीतील कटकटी ही आपली कारणे त्याला लागू नाहीत. वरचा दाब १६० च्या पुढे राहू लागला की डोळे, मेंदू, मूत्रपिंड व हृदय यांना धोका सुरू होतो. १८० व त्याहून अधिक असेल तर तो गंभीर. घरच्यांना हे कळते कसे? रात्रीपर्यंत ठीक असलेले मांजर सकाळी खुर्चीच्या पायाला आपटते. बाहुल्या मोठ्या झालेल्या दिसतात, उजेडातही आक्रसत नाहीत. दाबाने डोळ्यातील पडदा सुटलेला असतो. वयामुळे मोतीबिंदू झाला असे समजून लोक घरी बसतात. लगेच उपचार झाला तर काही मांजरांना दृष्टी थोडीफार परत येते. दिवस गेले की ती आशा मावळते. मांजरांसाठी सर्वाधिक वापरात असलेले औषध अॅम्लोडिपिन, टेलमिसार्टनही देतात.

ही नावे ऐकताच समोर बसलेल्या काही आजी एकमेकींकडे पाहू लागल्या, ते माझ्या नजरेतून सुटले नाही. बरोबर आहे. तीच नावे तुमच्या उशाशी असलेल्या डबीतही आहेत, आणि खरा धोका तेथेच आहे.

घरातल्या माणसाची अॅम्लोडिपिनची गोळी पुष्कळदा ५ मिलिग्रॅमची असते. चार किलो वजनाच्या मांजरासाठी डॉक्टर सामान्यतः ०.६२५ मिलिग्रॅमपासून आरंभ करतात. म्हणजे तुमची एक गोळी ही मांजराच्या आठ दिवसांच्या मात्रेइतकी झाली. ‘अर्धी देऊन पाहू’ म्हटले तरी चार पट. दाब एकदम खाली जाऊन मांजर थंड पडते. शिवाय आजकालच्या गोळ्यांत दोन-दोन, तीन-तीन औषधे एकत्र असतात. त्यांतील कोणते जनावराला चालेल हे पाकिटावरून कळत नाही. दुखते आहे म्हणून माणसाची वेदनाशामक गोळी देणे तर त्याहून वाईट. पॅरासिटामॉल मांजराला मारक आहे. हृदयाची औषधे चालू असलेल्या कुत्र्याला आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक दिले तर त्याची मूत्रपिंडे बंद पडू शकतात.

एकाला औषध ते दुसऱ्याला विष, याचे उदाहरण आपल्या आकाशाने पाहिले आहे. गुरांना दिलेले डायक्लोफेनॅक मृत गुरांच्या मांसावाटे गिधाडांच्या पोटात गेले, त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि देशातील गिधाडे जवळजवळ नाहीशी झाली. २००६ साली केंद्र शासनाने गुरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. शिक्षकबंधूंनी ही गोष्ट मुलांना अवश्य सांगावी. तसेच औषधाची डबी कुत्र्याच्या तोंडाला लागणार नाही अशा जागी ठेवण्याचे काम मुलांवरच सोपवावे. ती मोठ्यांपेक्षा अधिक काटेकोर असतात. जनावराने गोळ्या खाल्ल्या असे दिसले तर रिकामे पाकीट बरोबर घेऊन दवाखाना गाठावा.

आहाराविषयी थोडे. हृदयरोगी कुत्र्याच्या पेजेत मीठ घालू नये, सुके बांगडे, खारवलेली मासळी, लोणचे, पापड, फरसाण हे बंद करावे. परंतु एका दिवसात सगळे अळणी करून त्याला उपाशी ठेवण्यातही अर्थ नाही. असा रोगी झपाट्याने कृश होतो. त्याने खाणे हेच अधिक महत्त्वाचे. मांजराच्या बाबतीत एक निराळी सूचना. टॉरिन नावाचे द्रव्य मांजराला आहारातूनच मिळावे लागते आणि ते मांस-मासळीतच असते. त्याच्या अभावी मांजराचे हृदय फुगते, हे १९८७ साली सिद्ध झाले. केवळ दूधभातावर मांजर ठेवणाऱ्या सात्त्विक घरांना माझी विनंती आहे की आपले व्रत आपल्यापुरते असावे.

आता घरी करावयाची एकच गोष्ट, आणि तिच्यासाठी यंत्र लागत नाही. जनावर गाढ झोपलेले असताना त्याच्या बरगड्यांकडे पाहा. छाती वर जाऊन खाली आली की एक श्वास. घड्याळ लावून तीस सेकंद मोजा आणि दुप्पट करा. स्वस्थ झोपेत कुत्र्याचे किंवा मांजराचे श्वास मिनिटाला तीसपेक्षा कमी भरतात. औषधे चालू असलेल्या जनावराचा आकडा रोज कॅलेंडरच्या चौकटीत लिहावा. तो चढत जाऊन तीसच्या वर राहू लागला तर फुप्फुसांत पाणी उतरू लागले असे समजून डॉक्टरांना कळवावे. चाळीसच्या पुढे गेला तर सकाळची वाट पाहू नये. स्वप्नात पाय हलवीत असेल, नुकतेच धावून आले असेल किंवा पंख्याखालीही उकाड्याने धापत असेल तेव्हा मोजू नये. खोकल्याचा प्रकार सांगता येत नसेल तर मोबाईलवर त्याचे चित्रण करून आणावे. डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.

माझे बोलणे येथे संपवितो, कारण डॉक्टरांनी रक्तदाबाचे यंत्र मांडले आहे. पट्टा पुढच्या पायाला किंवा शेपटीच्या मुळाशी बांधतात, दुखत नाही. भेदरलेल्या जनावराचा दाब उगाच वाढलेला दिसतो, म्हणून प्रथम दहा मिनिटे प्रत्येकाला शांत बसविले जाईल आणि मग पाच-सहा वेळा मोजून सरासरी घेतली जाईल. तेव्हा मांजरवाल्यांनी पिशव्या न उघडता डावीकडच्या वर्गात जावे, कुत्रेवाल्यांनी आंब्याखाली थांबावे, आणि दहा वर्षांवरील जनावरे प्रथम पुढे आणावीत. चालू असलेल्या औषधांची पाकिटे ज्यांनी आणली आहेत त्यांनी ती हातातच ठेवावीत.